मतदाराला उपदेश नको, यादी वाचून दाखवा

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली, की हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कचेरीपासून तो सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेपर्यंत मतदारजागृतीचा एक ठरीव कार्यक्रम सुरू होतो. प्रभातफेऱ्या निघतात, शाळेच्या अंगणात रांगोळीने मतदानयंत्र रेखाटले जाते, बसस्थानकासमोर पथनाट्य होते, महाविद्यालयातील तरुण मानवी साखळी करतात आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या दप्तरांतून आईवडिलांच्या सहीसाठी संकल्पपत्रे घरोघर जातात. या उपक्रमाला सरकारी परिभाषेत ‘स्वीप’ असे नाव असून भारत निवडणूक आयोगाने २००९ पासून तो देशभर पद्धतशीरपणे चालविला आहे. आयोगाचा स्थापनादिन जो २५ जानेवारी, तो २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो, हेही त्याच प्रयत्नाचे एक अंग होय. या कामात राबणाऱ्या शिक्षकांच्या, अंगणवाडी सेविकांच्या आणि तहसील कचेरीतील कारकुनांच्या श्रमांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि पुढे जे लिहावयाचे आहे त्याचा रोख त्यांच्यावर नाही. परंतु हे सगळे फलक, पत्रके, घोषणा आणि शपथा एकत्र मांडून वाचल्या असता त्यांतून मतदाराची जी प्रतिमा उभी राहते, ती आमच्या जिल्ह्याच्या अनुभवाशी जुळत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या साहित्यातला मतदार हा उदासीन, आळसावलेला, मतदानाच्या सुटीला घरी पडून राहणारा मनुष्य आहे. त्याला हलवून जागे केले की लोकशाहीचे काम साधले, असे त्यात गृहीत धरलेले दिसते.

वस्तुस्थिती निराळी आहे. २६ एप्रिल २०२४ रोजी, चैत्रातल्या उन्हाने दुपारचे रस्ते ओस पडत असताना आणि काही शेतांतून हळद शिजवून वाळविण्याची कामे अजून उरकावयाची असताना, हिंगोली लोकसभा मतदारसंघात ६३.५४ टक्के मतदान झाले. त्यानंतर महिन्याच्या आत, २० मे रोजी, दक्षिण मुंबई मतदारसंघात, जेथे मतदान केंद्र चालत पाच मिनिटांवर असते आणि वर्तमानपत्रे दारात येऊन पडतात, हे प्रमाण ५०.०६ टक्के होते. ग्रामपंचायतीची निवडणूक असली, की आमच्याकडील कित्येक गावांत याहूनही फार मोठे मतदान होते, आणि त्यासाठी पुण्याला कामास गेलेला मुलगा रात्रीची गाडी पकडून येतो, हे कोणाही खेडुताला सांगावे लागत नाही. असे असताना दक्षिण मुंबईला आणि औंढा नागनाथच्या डोंगरपट्ट्यातील वाडीला एकच पत्रक, एकच घोषणा आणि एकच शपथ पुरविली जाते. ज्याला भूक नाही त्याच्यासाठी केलेला काढा ज्याच्या ताटात अन्न नाही त्यालाही पाजावा, तसे हे होते. आमच्या मतदाराला मतदान करावेसे वाटते. त्याच्याजवळ उणीव आहे ती माहितीची, आणि त्या माहितीच्या आधारे कचेरीत उभे राहून आपला हक्क मागण्याच्या धैर्याची.

ही माहिती कोणती, याचा विचार मतदार यादीपासून सुरू केला पाहिजे. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क दिला आणि ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये त्यासाठीचे वय २१ वरून १८ वर आणले, हे शाळेत शिकविले जाते. परंतु तो हक्क व्यवहारात उतरतो तो यादीच्या पानावर, एका अनुक्रमांकाच्या चौकटीत, आणि ते पान फारच थोड्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नाव नसल्याचे कळणे ही आमच्या खेड्यांतील नित्याची घटना आहे. हातात छायाचित्र असलेले ओळखपत्र आहे, मागच्या खेपेला मत दिलेले आहे, आणि तरीही यादीत नाव नाही, असे झालेला मनुष्य केंद्राबाहेरच्या लिंबाच्या सावलीत बसलेल्या कार्यकर्त्यांशी भांडतो, चिठ्ठ्यांचे गठ्ठे पुन्हा पुन्हा चाळावयास लावतो आणि अखेर घरी जातो. ओळखपत्र म्हणजे मतदानाचा हक्क असे त्याला वाटत असते. हक्क यादीने मिळतो आणि ओळखपत्र केवळ ओळख पटविते, हे साधे वाक्य त्याच्या हाती पडलेल्या रंगीत पत्रकांत ठळक अक्षरांत छापलेले नसते.

अशा माणसांच्या परत जाण्याने काय बिघडते, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी २०१४ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल आठवावा. त्या निवडणुकीत काँग्रेसचे राजीव सातव यांनी शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांचा अवघ्या १,६३२ मतांनी पराभव केला. हिंगोली मतदारसंघात हिंगोली, कळमनुरी आणि वसमत यांच्याबरोबर नांदेडमधील किनवट व हदगाव आणि यवतमाळमधील उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात; म्हणजे तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या विस्तीर्ण प्रदेशाचा कौल विधानसभा मतदारसंघामागे सरासरी २७२ मतांवर ठरला. ‘एका मताचे मोल’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेताना हा दाखला शिक्षक अवश्य देतात. मला त्यातून निघणारा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. एका विधानसभा मतदारसंघात नाव गहाळ झाल्यामुळे परत गेलेली माणसे २७२ पेक्षा कमी असतील, अशी खात्री कोणी देऊ शकेल काय?

यादीची ही व्यथा प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. आमचा हा मुलूख ज्यात होता ते हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले आणि ज्या प्रजेला निजामी अमदानीत प्रौढ मताधिकाराचा स्पर्शही झालेला नव्हता, तिने पुढच्या चार वर्षांच्या आत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मतपेटीत मत टाकले. त्या वेळी देशातील मतदार १७ कोटींहून अधिक होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्याची युक्ती काढण्यात आली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे मात्र सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला तो स्त्रियांच्या नावांचा. अनेक प्रांतांत, मुख्यत्वे उत्तरेकडे, स्त्रिया यादीकाराला आपले नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच त्यांची ओळख नोंदली गेली. सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला आणि सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळण्यात आली. हा निर्णय कठोर होता, परंतु त्यामागची दृष्टी विशाल होती, असे माझे मत आहे. कारण त्या एका आग्रहाने राज्यसंस्थेने स्त्रीला प्रथमच सांगितले, की नवऱ्याच्या वा मुलाच्या नावाआड तू उभी राहू नकोस, तुझे स्वतःचे नाव आम्हांला हवे आहे. मतदारशिक्षणाचा यापेक्षा मोठा पाठ मला तरी ठाऊक नाही.

आज स्त्रिया नावे सांगतात. नडते ते निराळ्याच ठिकाणी. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला सगळे गाव ‘बीएलओ’ म्हणूनच ओळखते, तो बहुधा शाळेतला गुरुजी किंवा अंगणवाडीची ताई असतो. यादीचे बाड काखेत घेऊन तो एका घरी येतो. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजीला तो विचारतो, “मावशी, सुनबाईचं नाव लावलं का आपल्या गावात?” आजी म्हणते, “तिचं नाव अजून माहेरीच हाये. तिकडंच राहू द्या म्हणते तिची माय, तिकडं सरपंचकीला तिचा चुलता उभा राहतो.” गुरुजी पुन्हा विचारतो, “अन् आधार कार्ड?” “तेबी माहेरच्याच नावाचं.” एवढ्याशा संभाषणात यादीचे सारे अर्थशास्त्र, नातेशास्त्र आणि राजकारण येऊन जाते. लग्न होऊन तीन वर्षे झालेली ती मुलगी राहते सासरी, तिचे नाव आहे माहेरी, तिचे कागद आहेत जुन्या आडनावाने. सासरचे गाव तिला आपली मतदार मानत नाही आणि माहेरचे गाव तिला केवळ चुलत्याच्या निवडणुकीपुरती आठवते. नाव एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यासाठी नमुना ८ भरावयाचा असतो, हे तिला कोणी सांगितलेले नाही. नमुना ६ नव्या नोंदणीसाठी, नमुना ७ नाव वगळण्याच्या हरकतीसाठी आणि नमुना ८ दुरुस्ती व स्थलांतरासाठी, ही तीन वाक्ये शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवण्यास किती खर्च येतो? भिंतींवर आज ‘माझे मत, माझा अधिकार’ असे रंगविलेले असते. तो अधिकार कोणत्या खिडकीवर, कोणता कागद घेऊन मागावयाचा, याविषयी ती भिंत मूक असते.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की मतदारजागृतीसाठी राखलेल्या श्रमांपैकी आणि पैशांपैकी मोठा हिस्सा यादीच्या चावडीवाचनाकडे वळविण्यात यावा. महसूल खात्यात चावडीवाचनाची परंपरा आहे. सातबाराचे उतारे गावासमोर मोठ्याने वाचले म्हणजे कोणाच्या नावावर काय चढले आणि काय उतरले ते चारचौघांत उघड होते. मतदार याद्यांचेही असे वाचन ग्रामसभेत व्हावे अशा सूचना यापूर्वी निघालेल्या आहेत, परंतु ते जेथे होते तेथेही पुष्कळदा कोरम भरण्यापुरते, ठरावाच्या वहीत एक ओळ लिहिण्यापुरते होते. वास्तविक गावाइतका यादीचा उत्तम परीक्षक दुसरा नाही. कोण वारले, कोण नांदेडला स्थायिक झाले, कोणाचे नाव दोन भागांत आले, कोणत्या पोराला अठरावे लागले, हे गावाला तोंडपाठ असते. नावामागून नाव वाचले जात असता “तो तर गेला की मागच्या आषाढात” असे मागून कोणी म्हणतो, “हिचं वय चुकलंय” असे कोपऱ्यातून कोणी सांगते, आणि दोन तासांत जे काम होते ते कचेरीतील संगणकासमोर दोन महिन्यांत होत नाही. या दोन तासांत गाव आणखी एक गोष्ट शिकते: यादी ही सरकारने वरून धाडलेली वस्तू नसून ती आपल्या हरकतींनी आणि आपल्या साक्षीने घडते.

येथे एक धोका आहे, आणि तो लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावात गटतट असतात; विरुद्ध गटाची नावे कमी करण्यासाठी नमुना ७ चे गठ्ठे भरून देण्याची विद्या खेड्यांपर्यंत पोहोचलेली आहे. तिचा पहिला बळी ठरतो तो हंगामी स्थलांतर करणारा माणूस. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्या दाराला कुलूप पाहून ‘स्थलांतरित’ असा शेरा मारणे अगदी सोपे असते. कायद्याप्रमाणे ज्याचे नाव वगळावयाचे त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. पण नोटीस कुलपाला लावून सुनावणी होऊन जाते, आणि फडावर उसाची मोळी बांधणाऱ्या बाईला आपण मतदार राहिलो नाही याचा पत्ताही नसतो. म्हणून तांड्यावरचे वाचन टोळ्या निघण्यापूर्वी झाले पाहिजे, आणि शक्य तेथे ते बंजारा बोलीत समजावून सांगितले गेले पाहिजे. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आंध समाजाच्या वाड्यांतून आश्रमशाळांच्या शिक्षकांकरवी हे काम करवून घेणे त्या कार्यालयाला अवघड नाही.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत तर शासनाचे दोन हात एकमेकांना ओळखत नाहीत, असे म्हणण्याची पाळी येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू व्हावयाचा होता. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ब या कलमाने मालकांवर घातले आहे खरे, परंतु उचल फेडण्यासाठी दोनशे कोसांवर गेलेल्या कोयत्याला पगारही नाही आणि सुटीही नाही. त्याला गावी जाऊन यावयाचे म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे आणि तीन दिवसांची मजुरी यांवर पाणी सोडावे लागते. टपाली मतदानाची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरबसल्या मत देण्याची सोय आहे, आणि ती योग्यच आहे. फडावरच्या कामगाराला यांतले काहीच नाही. दूरस्थ मतदानयंत्राचा एक नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला होता, पण तो विषय पुढे सरकला नाही. ज्याला मतदानापासून राज्यव्यवस्थेच्याच रचनेने दूर ठेवले, त्याच्या रिकाम्या घराच्या भिंतीवर ‘मतदान हे पवित्र कर्तव्य’ असे लिहून ठेवणे मला मनापासून खटकते.

यादीनंतर येते ते केंद्रातले दालन. तेथे काय घडते हे प्रथमच मत देणाऱ्या मुलीला कोणी क्रमाने सांगितलेले नसते, आणि म्हणून ती बावरते, मागच्या बाईचे पाहून पुढे सरकते आणि कधी कधी ‘मदत’ करणाऱ्याच्या बोटाने बटण दाबून बाहेर येते. पहिला अधिकारी तिचे नाव व अनुक्रमांक मोठ्याने उच्चारतो, तो अशासाठी की समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत असल्यास ती तेव्हाच घेता यावी. दुसरा तिच्या डाव्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही वा अंगठा घेतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळे करतो. मग आडोशामागे ती एकटी असते, आणि एकटी असली पाहिजे. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेआड सात सेकंद एक कागद दिसतो. त्यावर आपण दिलेलेच चिन्ह आहे की नाही हे पाहण्याचा तिला हक्क आहे. आणि समजा, तिच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेले असेल, तर तिने परत जावयाचे नाही. आपली ओळख पटवून मतपत्रिकेवर मत देण्याची तरतूद नियमांत आहे, आणि अशा मताला प्रदत्त मत म्हणतात. तिच्या ओळखीविषयी एखाद्या प्रतिनिधीला शंका असेल, तर त्याने दोन रुपये अनामत भरून आक्षेप घ्यावयाचा असतो आणि केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करून निर्णय द्यावयाचा असतो. हे ज्या मुलीला ठाऊक आहे, तिला दारातून परत पाठविणे कोणाही गावपुढाऱ्याला सोपे जाणार नाही.

गुप्ततेविषयी अर्धेच सत्य सांगण्याची जी प्रथा पडली आहे तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तुमचे मत गुप्त आहे, असे प्रत्येक पत्रक सांगते, आणि व्यक्तीपुरते ते खरे आहे. परंतु मतमोजणी यंत्रनिहाय होते आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, त्यामुळे चारशे मतांच्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या संध्याकाळी सगळ्या तालुक्याला कळते. पुढे त्या वस्तीचा रस्ता, नळयोजना आणि घरकुले यांच्याकडे कसे पाहिले जाईल, याचे भय वस्तीला आधीच पडलेले असते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे साधन वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता आणि विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला होता. तो अद्याप अमलात आलेला नाही. मतदारशिक्षण जर खरोखर शिक्षण असेल, तर त्याने मतदाराला ही उणीवही सांगितली पाहिजे, म्हणजे ती दूर करावी अशी मागणी खालून उठेल.

आता शाळेकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सत्तारूढ पक्षाच्या एका विद्यमान आमदारांनी लहान मुलांना सांगितले, की आईवडिलांनी मला मत दिले नाही तर तुम्ही दोन दिवस जेवू नका. आणि मुलांकडून आपले नाव वदवून घेतले. मुलांचा निवडणूक प्रचारात वापर करू नये, असे निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारीला सर्व पक्षांना बजावले होते, त्याला अजून फार दिवस लोटले नव्हते. त्या प्रसंगाची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि निषेधही झाला. आमदारांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि माझा प्रश्न नावाचा नाही. ज्या शाळेतून मुलाच्या हाती संकल्पपत्र देऊन त्याला आईवडिलांची सही आणावयास पाठविले जाते, तेथे मूल हे आईबापांच्या मनापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणून वापरण्याची रीत आपण आधीच मान्य केलेली असते. शासनाचा हेतू निष्पक्ष आणि आमदारांचा स्वार्थी, हा भेद मोठा आहे, तो मी विसरत नाही; परंतु दोन्ही ठिकाणी मुलाला सांगितले जाते ते इतकेच, की तू घरी जाऊन हट्ट धर. मूल स्वतः उद्याचा नागरिक आहे, त्याला प्रश्न विचारता येतात, ही जाणीव दोन्हीकडे हरवते. आईबापांना न जेवण्याची धमकी देण्याची सूचना मिळाल्यावर “साहेब, आमच्या आईचे मत गुप्त असते ना?” असे विचारणारा एक मुलगा त्या रांगेत उभा राहिला असता, तर आमच्या नागरिकशास्त्राचे सार्थक झाले असते.

तसा मुलगा घडविण्याची सामग्री पाठ्यपुस्तकांत नाही असे नाही. सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद आहे, सातवीत संविधानाची ओळख आहे, दहावीत निवडणूक प्रक्रियेवर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु हा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असतो, वर्षाअखेरीस उरलेल्या तासांत उरकला जातो, आणि परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ एवढ्यापुरता जिवंत राहतो. सहावीचा वर्ग ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला नेऊन बसविण्यास, ग्रामसभेच्या नोटिशीची प्रत फळ्यावर उतरवून वाचण्यास, गावाच्या विकास आराखड्यातील पाण्याच्या टाकीचा आकडा आणि प्रत्यक्ष टाकी यांची गाठ घालून देण्यास कोणाचीही मनाई नाही. नववी-दहावीतल्या मुलांना हे सांगण्यास एक तास पुरे, की मतदार होण्यासाठी आता केवळ १ जानेवारी ही तारीख राहिलेली नसून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही अर्हता तारखा झालेल्या आहेत, आणि सतरावे वर्ष पूर्ण होताच आगाऊ अर्ज देऊन ठेवता येतो. आणि उमेदवार आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी प्रकरणे शपथपत्रावर जाहीर करतो, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे मतदाराला मिळाला आहे. ते शपथपत्र मुलांनी वर्गात एकदा तरी उलगडून वाचावे, कोणत्याही पक्षाचे नाव न घेता, केवळ त्यातले रकाने कसे वाचावयाचे ते शिकण्यासाठी.

शिक्षणाविषयी बोलत असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे दिलेली साक्ष आठवल्यावाचून राहत नाही. अशिक्षितांना मताधिकार कसा द्यावा, असा प्रश्न विचारण्याचा तो काळ होता, आणि तिशीही न गाठलेल्या त्या अभ्यासकाने प्रतिपादन केले, की मताधिकार हेच राजकीय शिक्षणाचे साधन आहे; आधी शिका आणि मग या, असे म्हणून ज्यांना दाराबाहेर ठेवले जाते ते कधीच शिकत नाहीत. पुढे १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. हा विचार स्वीकारला, की मतदारजागृतीच्या आपल्या साऱ्या कल्पना उलट्या तपासाव्या लागतात. मनुष्य मत देऊन शिकतो, सभेत बसून शिकतो, सदस्याला जाब विचारून आणि पुढच्या खेपेला त्याला पाडून शिकतो. ज्या संस्थेत हे शिकावयाचे ती संस्थाच बंद ठेवली, तर पत्रकांनी काय होणार?

आणि नेमके तेच आमच्या जिल्ह्यात घडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तेथे प्रशासकाचा कारभार आला आणि पाच पंचायत समित्यांचीही तीच गत झाली. आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात सगळ्या महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत त्या घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली, आणि हिंगोलीसारख्या नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला झाले. या मधल्या वर्षांत २५ जानेवारीचे मतदार दिवस न चुकता साजरे झाले आणि शपथा घेतल्या गेल्या. २०२२ मध्ये अठरा वर्षांची झालेली कळमनुरी तालुक्यातील मुलगी मतदार म्हणून नोंदली गेली, तिने लोकसभेला मत दिले, विधानसभेला मत दिले. परंतु तिच्या शाळेची गळकी कौले, तिच्या आरोग्य उपकेंद्रातली रिकामी खुर्ची आणि तिच्या गावचा पाणंद रस्ता ज्या संस्थेच्या हाती, तिच्या निवडणुकीसाठी तिला वर्षांमागून वर्षे वाट पाहावी लागली. ७३ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत निश्चित केली ती या मुलीसाठी. मतदार उदासीन होता, असे येथे कोणाला म्हणता येईल?

तेव्हा जिल्हाधिकारी कचेरीने आणि राज्य निवडणूक आयोगाने पुढील मतदार दिवसासाठी जे पत्रक छापावयाचे, त्याचा मसुदा मला असा हवा आहे. पहिल्या पानावर शपथ नको. त्या गावाच्या यादीचा भाग क्रमांक, बीएलओचे नाव आणि १९५० हा मदतीचा क्रमांक असावा, आणि गावचे चावडीवाचन कोणत्या दिवशी, किती वाजता आहे ते असावे. दुसऱ्या पानावर तीन नमुने, चार तारखा आणि केंद्रातल्या दालनातला क्रम असावा. तिसऱ्या पानावर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा यांच्यापैकी कोणते काम कोणाचे, हे लिहावे, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने काढावेत: मुदत कधी संपते अथवा संपली, आणि आज कारभार कोण पाहतो. जिल्हा परिषदेपुढच्या रकान्यात जे खरे असेल ते लिहावे. चौथे पान कोरे सोडून त्यावर ग्रामसभेत विचारावयाचे प्रश्न गावाने आपल्या हाताने लिहावेत, आणि ते पत्रक ग्रामसेवकाने पुढच्या सभेच्या इतिवृत्ताला जोडून तहसील कचेरीत पोचते करावे.